वन्संच्या घशाचा फोटो

माझ्या नणंदबाईंना घरातली मुलं हॅलोआत्या म्हणत. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन लावायचा आणि कुणी बोललं की लगेच उत्तर द्यायचं, ही त्यांची नोकरी. लग्न केलं नाही. "दिवसभर दुसऱ्यांची जुळवून दिली, आपली लाईन एंगेजच राहिली," असं त्या सांगत. माझे यजमान गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या. दोघी म्हाताऱ्या, पण घरात आवाज एकट्या त्यांचाच. नेमकी स्वरयंत्रावरच गाठ निघाली.

रेडिएशन पार पडलं. गळ्याची कातडी काळवंडली, तोंड कोरडं पडलं, घास नुसता तोंडात फिरायचा. मग स्कॅन केला, तर गाठ होती तेवढीच.

डॉक्टर म्हणाले, "आकारावरून काही सांगता येत नाही. मेलेली गाठसुद्धा काही काळ तशीच बसून राहते. जिवंत असेल तर मात्र स्वरयंत्र काढावं लागेल."

सुईनं तुकडा काढून बघावा, तर भाजल्या जागी जखम लवकर भरत नाही. म्हणून एमआरआयचा एक वेगळा प्रकार ठरला. जिवंत पेशी दाटीवाटीनं असतात, त्यांच्यात पाणी अडून राहतं. पेशी मेल्या की भिंती ढासळतात आणि पाणी मोकळं फिरतं. ते फिरणं यंत्राला दिसतं.

"म्हणजे घरात न शिरता बाहेरूनच डोकावायचं," वन्सं घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "शेजारणीसारखं."

त्यांना यंत्रात सरकवलं, कानांवर हेडफोन चढवले, भीती वाटली तर दाबायला हातात घंटीचा रबरी फुगा दिला. मी काचेअलीकडे टेक्निशियनबाईंच्या मागे स्टुलावर बसले. बाईंचाही दिवस लांबला असावा, त्या सारख्या मान चोळत होत्या.

"आजी, आता गिळायचं नाही, बोलायचं नाही," त्या माईकमध्ये म्हणाल्या. यंत्राची ठकठक सुरू झाली. थोड्या वेळानं त्यांनी धीर दिला, "निम्मं झालं हं, आजी."

"बरं, थँक्यू," आतून उत्तर आलं.

पडद्यावर घशाच्या जागी नुसता धुरकट डाग. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"आजी, तुम्ही बोलताय!"

"मी? छे! मी कुठं बोलले?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "काय हो तुमच्या नणंदबाई! आता एकदाच करता येईल. नाही जमलं तर डॉक्टरांना सुईच घालावी लागेल."

मी म्हटलं, "त्यांना काही सांगूच नका. कानात आवाज आला की त्या उत्तर देणारच. तो हट्ट नाही, हाडात मुरलेली सवय आहे."

"मध्ये बोललं नाही तर पेशंट घाबरतात हो."

"घाबरल्या तर हातातला फुगा दाबतील. तुम्ही करा."

बाईंनी माईक बंद केला. त्या ठकठकीत आम्ही दोघी काचेतून बघत बसलो. आत पाय तेवढे दिसत होते, तेही हलले नाहीत. या वेळी घसा पडद्यावर स्वच्छ उमटला.

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "कुणी चकार शब्द बोलेना. मला वाटलं, दिवे मालवून घरी गेलात."

त्या आठवड्याच्या अखेरीस डॉक्टरांनी बोलावलं. गाठ बहुतेक मेली होती. एका कडेची शंका होती, तिथे पुन्हा फोटो काढून बघायचं. शस्त्रक्रिया आता नाही.

"म्हणजे आवाज राहिला?"

"आज तरी राहिला, आजी."

बाहेर येऊन वन्सं पहिल्या बाकावरच टेकल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी पिशवीतून बाटली काढून पाण्याचा घोट घेतला.

"वहिनी, मला आनंद व्हायला हवा ना?"

"हवा तर."

"उद्या होईल. आज अंगात त्राण नाही गं."

माझ्याही अंगात कुठे होतं? एकमेकींना धरून आम्ही टॅक्सीपर्यंत आलो. बसताक्षणी त्यांचा डोळा लागला आणि त्या खर्जात घोरू लागल्या. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, मग रेडिओ लावायला हात पुढे केला. मी खुणेनंच नको म्हटलं.