टोपाचा दोष नव्हता

बारा वर्षांपूर्वी धरणावर एक वेगाची बोट बंद पडली आणि त्याचा दोष एका पत्र्याचं काम करणाऱ्या माणसावर आला. चूक माझी होती. ज्याचं नाव खराब झालं तो अजून आहे आणि मीही आहे, तोवर हे लिहून ठेवतो.

डोणगावात माझं गॅरेज होतं. जुन्या जीप, पेट्रोलवरची पाण्याची इंजिनं, आणि त्यातही कार्बोरेटर, यावर माझं नाव होतं. शेजारच्या दुकानात तो पत्रेवाला धान्याच्या कोठ्या आणि कूलरच्या टाक्या बनवायचा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. सकाळी "जय भीम, दादा" म्हणत शटर उचलायचा, आणि माझा पहिला चहा त्याच्याकडेच व्हायचा.

धरणाकाठी शेती असलेल्या एका हौशी माणसाने जुनी बोट आणली होती. तिला मोटारीचं पेट्रोल इंजिन होतं, वर दोन तोंडांचं कार्बोरेटर. इंजिन झाकणाखालची गरम हवा ओढतं म्हणून दम कमी पडतो, असं मी सांगितलं. समोरून थंड हवा घेणारा पत्र्याचा टोप कार्बोरेटरवर बसवायचा ठरला. मालक तो विकत मागवायला निघाला होता. मीच म्हटलं, आमच्याकडे माणूस आहे.

पत्रेवाल्याने आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. मग मला विचारलं, "दादा, बोट तं पाण्यावर उड्या मारते. टोपाच्या तोंडात पाणी जाईन त्याचं काय?" आणि उत्तराची वाट न बघता खालची कड आत वळवली, पाणी बाहेर पडायला दोन भोकं ठेवली. हे मला सुचलं नसतं. कार्बोरेटर आणि टोप यांच्यामध्ये जाळी हवीच, कारण इंजिन कधी उलटं खोकलं तर ज्वाळ बाहेर येते, एवढंच मी त्याला शिकवलं.

बसवायच्या दिवशी मी हवेचा जुना फिल्टर काढला. कार्बोरेटर उघडं असलं की त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायची माझी पद्धत, म्हणजे नट-वॉशर आत पडत नाही. जीपच्या कार्बोरेटरला तोंड एकच. आयुष्यभर एक बोळा घातला, एक काढला. त्या दिवशी गमछ्याचे दोन तुकडे करून दोन्ही तोंडांत घातले आणि मालकाशी बोलता बोलता, सवयीने, एकच काढला. वर जाळी बसवली, टोप बसवला, नट आवळले.

दुसरं तोंड पूर्ण वेग दिल्यावरच उघडतं. त्यामुळे काठावर इंजिन झकास चाललं.

बोटीत आम्ही तिघं होतो. धरणाच्या मधोमध मालकाने वेगाचा दांडा पूर्ण पुढे ढकलला. काळा धूर निघाला, इंजिन खोकलं आणि बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. शेवटी मासे धरणाऱ्यांनी आम्हाला ओढत आणलं. काठावरून कोणीतरी ओरडलं, "काऊन बे, वल्हे घरीच इसरले का?"

"मिस्त्री, झालं काय?" मालकाने विचारलं.

मी काहीही न उघडता सांगितलं, "टोपाचं माप चुकलं. हवा बरोबर जाऊन नाही राह्यली."

मालक चहाला गेला, तेव्हा आम्ही दोघांनी टोप काढला. दुसऱ्या तोंडात माझ्या गमछ्याचा हिरवा तुकडा होता. त्याने पकडीने तो ओढून माझ्या हातात दिला.

"ठेवा खिशात. तो येऊन राह्यला."

"मी सांगतो ना त्याले."

"काय सांगता? तुमचं दुकान कार्बोरेटरवर चालते, दादा. माह्यं कोठ्यांवर बी चालते."

मी तुकडा खिशात ठेवला. जुना फिल्टर परत बसवला, बोट नीट पळाली, आणि मालकाची खात्री पटली की दोष टोपाचाच होता.

मालकाच्या ओळखीत आणखी दोन बोटी होत्या. त्यांच्या टोपांचं काम पत्रेवाल्याला मिळणार होतं आणि कोठ्यांपलीकडचं काही करायची त्याला फार इच्छा होती. ते गेलं. बाजारात लोक त्याला विचारायचे, "काय टोपवाले, हवा आली का?" आमच्या गावात माझ्यापेक्षा त्याला दोष लवकर चिकटतो, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प राहिलो.

त्याने चहा बंद केला नाही. मी टायफॉइडने पडलो तेव्हा माझं शटर त्याने रोज उघडलं. फक्त मी कार्बोरेटर जोडायला घेतलं की तो शेजारून हाक मारायचा, "दादा, बोळे मोजले का?" त्या हाकेमुळे माझ्या हातून पुन्हा तशी चूक झाली नाही.

यंदा त्याची नजर गेली आणि दुकान थांबलं. मागच्या महिन्यात आम्ही त्याच्या मुलीबरोबर चहाच्या टपरीवर बसलो होतो. बोटीचा मालक आला आणि हसत म्हणाला, "हे आमचे टोपवाले!"

मुलीने विचारलं, "बाबा, काय होतं ते?"

"होतं एक काम. जमलं नाही," तो म्हणाला.

तेव्हा मी उभा राहिलो आणि बोळ्यासकट सगळं सांगितलं. मालकाचा हसरा चेहरा उतरला. "बारा वर्षं मले येड्यात काढलं तुम्ही, मिस्त्री?"

"हो."

"काय गरज होती आता, दादा?" तो म्हणाला. पण मुलीने त्याचा हात धरला होता आणि तो सोडवून घेत नव्हता.

मग मालकाने त्यालाच विचारलं, "तो टोप आहे का अजून?"

"मोडीत गेला."

"मंग नवा करा."

"डोळे नाहीत आता माह्ये."

"मिस्त्रीचे आहेत ना. एवढं तं देणं लागतात ते तुमचं."

आता रोज सकाळी मी त्याच्या दुकानात पत्रा कापतो. तो शेजारी बसून कडेवरून अंगठा फिरवतो. "तिरपं गेलं, दादा. दुसरा घ्या." मी दुसरा घेतो. काल त्याने कड दोनदा चाचपली, आणि पहिल्यांदाच 'दुसरा घ्या' न म्हणता पुढचं माप सांगितलं.