वंशावळीची दुसरी प्रत

“काका, आधी बसा. वळू दावणीला हाय ना? मंग गेलं काय?”

“वळूला काय धाड भरली? उद्या धाला निवडीचे साहेब बिल्ल्याचा नंबर टाकणार, अन् तुझी साईट उघडंनाच गेलीय.”

देवणीच्या गोपालक मंडळाचे अध्यक्ष भगवानराव सकाळीच औशाला, धम्मप्रियाच्या दुकानात येऊन धडकले होते. ती वेबसाईट बनवते. बाराशे देवणी जनावरांची वंशावळ तिनंच साईटवर चढवलेली. कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला की आई, बाप, आजी समदं दिसतं. त्या सोयीपायी लोकांनी जुन्या वह्या चुलीत घातल्या. आणि उद्या पैदाशीसाठी वळूंची निवड होती. वंशावळ दिसली नाही, तर भगवानरावांचा काळ्या तोंडाचा वानेरा वळू फाटकातूनच माघारी.

धम्मप्रियानं सांगितलं, साईट ज्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिनं गुपचूप शटर ओढलंय, फोनबी बंद. कंपनी रोज बॅकअप घेती म्हणत होती, त्याचं काय, असं भगवानरावांनी विचारलं.

“तो बी तिच्याच सर्व्हरवर. गंजी जळाली अन् राखलेल्या पेंढ्या त्याच गंजीत असल्या, तर जनावराम्होरं काय टाकता?”

पण बाई कच्ची नव्हती. दर सोमवारी ती साईटची पुरी प्रत उतरवून घ्यायची. एक हार्ड डिस्क दुकानात, दुसरी लातूरला बहिणीच्या घरी. महिन्याला ती प्रत चालवूनही बघायची. न उघडलेली प्रत म्हणजे तिच्या लेखी न तपासता गाभण म्हणून आणलेली गाय. साईटचं नाव, म्हणजे डोमेन, तिनं मुद्दाम होस्टिंगवाल्यांकडं न ठेवता तिसरीकडं, मंडळाच्या नावानं घेतलेलं. तेव्हा भगवानरावच कुरकुरले होते, कशाला दहा उंबरे झिजवायचे म्हणून.

तिनं दुसऱ्या कंपनीकडं जागा घेतली, प्रत चढवली, डोमेन तिकडं वळवलं. सोमवारनंतरच्या अकरा वासरांच्या नोंदी तेवढ्या गेल्या. भगवानराव फोन लावून एकेका घरी कालवड का गोऱ्हा, विचारत बसले.

पाचच्या सुमाराला वळूच्या पणजीपर्यंतच्या पिढ्या उघडल्या. भगवानरावांनी स्वतःच्या फोनवर दोनदा नंबर टाकून खात्री केली.

“ही कंपनी तरी टिकंल का?”

“न्हाई टिकली तर तिसरी बघू. प्रत आपल्या घरी हाय, काका.”

एवढं बोलून तिनं कीबोर्ड ओढला. “लक्ष्मम्माच्या कालवडीचा बिल्ला सांगा. अजून धा राहिलेत.”