स्पेसार्टच्या जंगलात अर्ध्यावर लटकलेली बंदूक

"तू दोरीवाली आहेस, तूच जा यांच्याबरोबर," सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि माझा शनिवार-रविवार ठरून गेला.

दोरीवाली म्हणजे काय, तर लग्नाआधी मी पुण्याच्या पोरांबरोबर सह्याद्रीतले कडे चढायचे, आणि आता जर्मनीत, गेर्लिंगेनला ऑफिस सुटलं की क्लाइंबिंग हॉलमधल्या खोट्या भिंतीला चिकटते. आणि 'हे' म्हणजे माझे सासरे, बाबा. मूळचे कराडचे, निम्म्याहून जास्त आयुष्य बाड हॉम्बुर्गमध्ये गेलेलं. इथे येऊन लोक बिअर शिकतात, बाबा शिकार शिकले. रीतसर अभ्यास करून, परीक्षा देऊन परवाना काढला. निवृत्त झाल्यापासून पानगळ सुरू झाली की ते घरी कमी आणि स्पेसार्टच्या जंगलात जास्त असतात.

यंदा मात्र अडचण झाली. त्यांचा मित्र डीटर, ज्याच्याकडे तिथल्या शिकारीचा ठेका आहे, त्याने जुनं लाकडी मचाण कुजलं म्हणून पाडून टाकलं. रानडुकरं सरकली पलीकडच्या उतारावर, आणि तिथल्या जंगलाचा मालक झाडाला खिळासुद्धा मारू देत नाही. मग बाबांनी इंटरनेटवर उपाय शोधला, ट्री सॅडल. कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधायचे, झाडावर चढायचं, दोरीने स्वतःला खोडाला बांधून घ्यायचं आणि झोपाळ्यात बसल्यासारखं लटकत राहायचं. अमेरिकेत फार चालतं म्हणे.

"पापा, दास इस्ट दोख क्वाच!" माझा नवरा अमेय म्हणाला, म्हणजे हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. स्टुलावर उभं राहून बल्ब बदलतानाही त्याला गरगरतं, त्यामुळे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

वाचकांपैकी कोणाच्या मनात शिकारीला जायचं असेल तर आधीच सांगते. परवान्याशिवाय इथे शिकार करता येत नाही. मी गेले ते नुसती सोबत म्हणून, रिकाम्या हाताने. मी स्वतः अंड्याच्या पलीकडे जात नाही. मला काळजी होती फक्त त्या दोरीच्या टोकाला असणाऱ्या माणसाची.

शुक्रवारी दुपारी निघाले. लेओनबर्गपाशी महामार्गाला लागले आणि कार्ल्सरूहेपर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकत राहिले. शुक्रवारी दुपारी या रस्त्याला लागू नका, ट्रेनने जा. बाड हॉम्बुर्गला पोचले तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं सामान मांडलेलं, आणि सासूबाई त्यातून वाट काढत थालीपीठ वाढत होत्या.

सामानाबद्दल थोडं. वर चढायचे दोन मार्ग आहेत. एक, फांदीवरून दोरी टाकून तिच्याच आधाराने वर जायचं. मी तसंच जाते. दुसरा, खोडाला पट्ट्याने बांधायच्या छोट्या छोट्या शिड्या एकावर एक लावत जायचं, आणि चढताना एक दोरी सतत खोडाभोवती ठेवायची. बाबांच्या गुडघ्यांना शिड्या बऱ्या, असं मीच ठरवलं. वर पाय टेकायला जेवायच्या पाटाएवढा एक पत्रा. तिथे पोचलं की डोक्याच्या वर खोडाला दुसरी दोरी बांधायची, आणि तिच्यावर लटकायचं. ती पक्की झाल्याशिवाय पहिली सोडायची नाही. एवढं पाठ केलंत तरी निम्मं काम झालं. सगळं चांगल्या प्रतीचं घेतलं तर बऱ्या सायकलीइतका खर्च येतो. इथे काटकसर करू नका.

वाद झाला तो लटकायच्या दोरीवरून. मला जाड दोरी हवी होती, आणि तिच्यावर सरकणारं धातूचं कुलूप. बाबांनी घेतली होती बारीक दोरी, आणि कुलपाऐवजी दोरीचीच सरकती गाठ.

"बाबा, बारीक दोरी ओली झाली की गाठ आवळून बसते. मग ती हलत नाही."

"आल्झो, ऐक," बाबा म्हणाले, "लोखंड वाजतं. डुकराला दिसत कमी असेल, पण कान कसले असतात माहितीये? एकदा टिण्ण झालं की आठवडाभर फिरकायचं नाही ते तिकडं."

डुक्कर हा त्यांचा विषय. मी वाद तिथेच सोडला. गाठ राहिली.

शनिवारी सकाळी निघालो. आशाफेनबुर्गच्या पुढे महामार्ग सोडला की दहा मिनिटांत जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. ओक आणि बीच, खाली तांबूस पानांचा गालिचा, वर धुकं. गावातल्या गास्टहोफमध्ये खोल्या घेतल्या. स्वच्छ, नाश्त्यासकट, फ्रँकफर्टच्या मानाने फुकटच. शाकाहाऱ्यांना केझेश्पेट्झ्ले मिळतं, चीजमध्ये लोळवलेले पिठाचे तुकडे, वर तळलेला कांदा. पोट तुडुंब भरतं, झाडावर चढायच्या आधी अर्धंच खा.

दुपारी डीटर भेटला. दोन माणसांच्या रुंदीचा, बोलायला कंजूष. त्याने आम्हाला झाडं दाखवली. "आधी वर बघायचं," तो म्हणाला. गेल्या काही वर्षांच्या कोरड्या उन्हाळ्यांनी बीचचे शेंडे वाळलेत, आणि वाळलेली फांदी न सांगता पडते. बाबांसाठी जिवंत शेंड्याचं, सरळ खोडाचं बीच निवडलं. मला थोड्या अंतरावरचा ओक. डीटर आपल्या जागेवर निघून गेला, टेकडीच्या पलीकडे.

आता जी गोष्ट घडली, खरं तर घडली नाही, ती नीट सांगते.

चढण्यापूर्वी जोडीदाराने जोडीदाराला तपासायचं असतं. हॉलमध्ये अनोळखी माणसाचीही मी तपासणी करते. कमरेचा पट्टा ओढायचा, मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघायची, बकल हलवून बघायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हात लावायचा.

"बाबा, तपासूया का?" मी म्हणाले.

ते ताठ उभे राहिले आणि झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागले. मी समोर उभी. इतक्या वर्षांत दिवाळीला पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावलेला नाही. ते माझ्या खोलीच्या दारात खाकरल्याशिवाय येत नाहीत. आणि आता त्यांच्या मांडीवरचा पट्टा ओढायचा? मी वाकले, बघितलं, छान दिसत होतं.

"केलंय मी घट्ट," ते शेंड्याकडेच बघत म्हणाले. "तुझं बरंय ना?"

"हो बाबा."

झाली तपासणी. दोघेही सुटलो.

"वर गेल्यावर एक शब्द नाही," त्यांनी बजावलं. "मी हात केला तरच."

रिमझिम सुरू झाली होती. मी ओकवर पोचले, दोरीवर बसले, आणि त्यांना चढताना पाहिलं. हळू, पण बरोबर. पत्र्यावर उभे राहिले, वरची दोरी बांधली, मग खोडाभोवतीची सोडली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग ते खाली ठेवलेली बंदूक सुतळीने वर ओढायला लागले. बंदूक कधीही घेऊन चढत नाहीत. रिकामी ठेवतात आणि मागून ओढून घेतात. मी तेवढ्यात टोपी नीट करायला मान फिरवली.

खस्स असा आवाज आला. एकदाच.

वळून पाहिलं तर बंदूक अर्ध्यावर होती. सुतळी शिडीच्या पायरीत अडकलेली, आणि बंदूक हळूहळू गोल फिरत होती. फांद्यांमागे बाबांची नारिंगी टोपी दिसत होती, स्थिर. मला वाटलं, काहीतरी दिसलं असणार. जनावर दिसलं की शिकारी असाच थिजतो, त्यांनीच सांगितलेलं. म्हणून मीही थिजले. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

बंदूक फिरायची थांबली. टोपी हलली नाही. मी उतारावर डुक्कर शोधत होते. काहीच नव्हतं. डोक्यात एकच चाललेलं, हाक मारली आणि काही नसलं तर? वर्षभर ऐकावं लागेल. आणि काही असलं तर? शिकाऱ्याची शांतता आणि बेशुद्ध माणसाची शांतता लांबून सारखीच दिसते, हे मला त्या झाडावर कळलं.

मग वाऱ्याने एक फांदी बाजूला केली आणि पत्रा दिसला. पत्रा रिकामा होता. बूट त्याच्या खाली होते, हवेत.

"बाबा!"

सगळं जंगल दणाणलं. उत्तर नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत, म्हणून मी घाबरले.

माझ्या दोरीवर धातूचं कुलूप होतं. कळ दाबली आणि सरळ खाली आले, हातमोजे तापले. धावले. त्यांच्या शिड्या चढताना स्वतःची दोरी खोडाभोवती टाकली, तेवढं भान राहिलं. वर गेले तर बाबा खोडाच्या बाजूला तिरके लटकलेले, चेहरा राखेसारखा. ओल्या पत्र्यावरून पाय सरकला होता. मांडीचे पट्टे सैल होते, त्यामुळे कमरेचा पट्टा वर सरकून बरगड्यांखाली रुतला होता आणि श्वास अर्धाच जात होता. वरची गाठ ओल्या दोरीवर दगडासारखी बसलेली. ओरडायला छातीत हवाच नव्हती.

आणि त्यांचा एक हात काय करत होता, तर स्वेटर खाली ओढत होता. पट्ट्याबरोबर स्वेटर वर गेलेला, पोट उघडं पडलेलं, आणि सून समोर आली म्हणून हा माणूस उरलेल्या जोरात पोट झाकत होता.

"अहो, स्वेटर सोडा!" मी ओरडले. सासऱ्यांवर आयुष्यात पहिल्यांदा. "खोडाला धरा! पाय द्या इकडे!"

पाय त्यांना उचलता येईना. मी त्यांच्या डोक्याच्या वर खोडाला एक लांब पट्टा बांधला, त्याच्या खालच्या फासात त्यांचा बूट घालायचा होता. मांडीखाली हात घातला, गुडघा वर उचलला, बूट फासात कोंबला. "उभे राहा त्यावर. बाबा, उभे राहा!" खांद्याने त्यांना वर रेटलं. ते उभे राहिले, आणि श्वास आत गेल्याचा तो घरघरता आवाज आला. इतका सुंदर आवाज मी ऐकलेला नाही.

मग कमरेचा पट्टा खाली ओढला, मांडीचे दोन्ही पट्टे करकचून आवळले, त्यांना खोडाभोवतीच्या दोरीने बांधलं आणि मगच अंगठ्याने ती गाठ मोडली. एकेक पायरी खाली. मी खालून त्यांचा बूट धरून पायरीवर ठेवत होते आणि मोठमोठ्याने सांगत होते, "डावा. आता उजवा. शाब्बास." सासऱ्यांना शाब्बास म्हणतात का? म्हटलं मी.

खाली आल्यावर ते पानांत बसले. "मला वाटलं, जमेल माझं मला," म्हणाले.

"जमेल?" मी म्हणाले, आणि रडायला लागले.

इथे एक उपयोगाची गोष्ट. जर्मनीतल्या जंगलांत वाटांवर रेटुंग्सपुंक्टच्या, म्हणजे मदत बोलावायच्या ठिकाणांच्या पाट्या असतात, प्रत्येकीवर क्रमांक. गाडी लावताना त्या पाटीचा फोटो काढून ठेवायची मला सवय आहे. ११२ ला फोन करून तोच क्रमांक सांगितला आणि अँब्युलन्स बरोबर त्या पाटीपाशी आली. पट्ट्यात लटकलेला माणूस खाली आल्यावर बरा वाटला तरी डॉक्टरला दाखवायचाच, अँब्युलन्सवाले हा आग्रह धरतात आणि तो बरोबर आहे. माझा फोन जाताच टेकडीपलीकडून आलेल्या डीटरने बंदूक सांभाळली आणि एकही प्रश्न विचारला नाही. बरगड्यांना मुका मार होता, मोडलं काही नव्हतं. एक रात्र दवाखान्यात ठेवून रविवारी सोडलं. परतीच्या रस्त्यात बाबा खिडकीबाहेर बघत होते, मी रस्त्याकडे. महामार्ग मोकळा होता.

घरी त्यांनी "जरा घसरलो" एवढंच सांगितलं. बाकीचं मी सांगितलं, मांडी धरल्यापासून शाब्बासपर्यंत. सासूबाई पदराने डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. बातमी कळताच गेर्लिंगेनहून आलेला अमेय वडिलांच्या शेजारी जाऊन बसून राहिला.

मी ठरवलं होतं, हा नाद आता बंद. सामान विकून टाकायचं. पण खरं सांगायचं तर चूक त्या सामानाची फारशी नव्हती. दोरी आता जाड घेतलीये आणि कुलूपही धातूचं, त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की वाजत नाही. इतका सोपा उपाय आम्हा दोघांनाही आधी सुचला नव्हता, कारण दोघांनीही एकमेकांशी पुरतं भांडूनच घेतलं नव्हतं. तुम्ही जोडीने जाणार असाल तर आधी घरी कडाकडा भांडून घ्या.

बरगड्या बऱ्या झाल्यावर आम्ही पुन्हा बाड हॉम्बुर्गला गेलो. जेवणं झाली आणि बाबा मागच्या अंगणातून हाका मारायला लागले. जाऊन बघते तर अंगात सॅडल, पट्टे बांधलेले, दोन्ही हात वर. सासूबाई आणि अमेय पायरीवर उभे.

"तपास," बाबा म्हणाले. या वेळी शेंड्याकडे नाही, माझ्याकडे बघत.

मी पुढे झाले. कमरेचा पट्टा ओढला, पक्का. उजव्या मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं घातली, पक्का. डाव्यात अख्खा हात गेला.

सगळे बघत होते.

"बाबा, डावा सैल आहे."

"माहितीये मला," ते म्हणाले. "मीच ठेवला होता. तू सांगतेस का, ते बघायचं होतं."

मी तो पट्टा असा आवळला की ते "आई गं!" म्हणून ओरडले.