पाठमोरी चाळीस पावलं

दुबईजवळच्या अजमानच्या त्या हॉटेलात विलीला तोंडावर सगळे विलीभाई म्हणत आणि माघारी 'रिव्हर्स'. नाव ठेवणाऱ्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. भर दुपारी वाळूतून, हातात टॉवेल पसरून, पाठीच्या दिशेनं चालत निघालेला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दिसला, तर तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय म्हटलं असतं?

वसईचा विली या हॉटेलच्या किनाऱ्यावर अठरा वर्षं टॉवेल सांभाळत होता. सकाळी बेड मांडायचे, छत्र्या उघडायच्या, पाहुण्यांना टॉवेल द्यायचे, संध्याकाळी सगळं आवरून वाळू झटकायची. झटकून कुठं संपते होय ती! बुटांत वाळू, अंथरुणात वाळू, डब्यातल्या भातातसुद्धा दाताखाली कचकच यायची. बायको विल्मा म्हणायची, "अहो, सगळा किनारा घरी आणायचा पण घेतलाय का तुम्ही?" त्यावर हसायचं त्राणही हल्ली त्याच्यात उरलेलं नसायचं.

कागदावर न लिहिलेलं एक काम मात्र वेगळंच होतं. एखादी पाहुणी वरचे कपडे काढून उन्हात पडली, की टॉवेल घेऊन जायचं आणि तिला झाकायचं. तिच्या देशात समुद्रावर सगळे तसेच लोळत असतील, त्यांचं त्यांना लखलाभ. इथं कायद्याला ते चालत नाही. कुणी तक्रार करायच्या आत विलीला तिथं पोचावं लागे. पण पोचताना नजर गेली, की बाई उलटून म्हणणार, हा माणूस माझ्याकडे बघत होता. नोकरी गेलीच समजा. मग करायचं काय? यावरची युक्ती त्याला पहिल्याच वर्षी तय्यबचाचांनी शिकवली होती. तेव्हा किनारा त्यांच्या ताब्यात होता. "बेटा, पीठ करके जाओ," ते म्हणाले होते. "पीठ की आँख नहीं होती."

तेव्हापासून विली पाठमोरा जायचा. टॉवेल पाठीमागे धरायचा आणि समोरच्या रिकाम्या वाळूला म्हणायचा, "मॅडम, प्लीज, फॅमिली बीच." बायका खिदळायच्या, कुणी ओरडायच्या, एकीनं तर उठून त्याचा फोटो काढला होता. अठरा वर्षांत त्यानं किती जणींना झाकलं कोण जाणे, पण एकीचंही अंग त्याला आठवत नव्हतं. आठवायचे ते फक्त आवाज.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. किनाऱ्यावर खुंट्या ठोकून एक दोरी बांधलेली होती. दोरीच्या आतला किनारा हॉटेलचा, बाहेरचा सगळ्यांचा. आतल्या आत काही झालं तर विली, टॉवेल आणि फार तर मॅनेजरची ताकीद, खलास. बाहेर झालं की पोलीस.

तीनशे बाराची मॅडम पोलंडहून दर हिवाळ्याला यायची. हॉटेलात माणसांना खोलीच्या नंबरावरूनच ओळखतात, तिचं खरं नाव विलीला कधी उच्चारताच आलं नाही. सत्तरीला टेकलेली, एकटी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या अंगावर लाल, खवले सुटणारे चट्टे होते. डॉक्टरनं ऊन घ्यायला सांगितलेलं. आमच्याकडं चार महिने बर्फ आणि अंधार, असं ती म्हणायची. म्हणून सहा हिवाळे ती इथं आली, आणि दर वेळी जाताना तिची कातडी बरीच निवळलेली असायची. पाठ-पोटऱ्यांवर भागत होतं तोवर ठीक होतं. या वर्षी चट्टे छातीवर आले.

"विली," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर नको. कुठंतरी कोपऱ्यात. फक्त वीस मिनिटं."

तेव्हा विलीनं नाही म्हणायला हवं होतं. नियम त्याला काय माहीत नव्हता? पण त्याच्या थोरल्या बहिणीला, फिलोमिनाला, असेच चट्टे होते. ती मे महिन्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालायची, आणि दोन ठिकाणी जमलेलं लग्न तिचा हात बघून मोडलं होतं. विलीला ती आठवली. त्यानं मुकाट्यानं एक बेड उचलला आणि दोरीपलीकडे, पाण्यावरच्या स्कूटर ठेवायच्या शेडमागे नेऊन ठेवला. तिथं हॉटेलचा कॅमेरा पोचत नव्हता, आणि दुपारी चिटपाखरूही नसायचं. तीन दिवस वीस-वीस मिनिटं सुरळीत गेली.

चौथ्या दिवशी शेडपलीकडे एक कुटुंब चटई टाकून बसलं. पोरांचा चेंडू घरंगळत शेडमागे आला, मागोमाग पोरं आली, पोरांमागे आई. आईची किंकाळी ऐकून विली टॉवेल घेऊन निघाला. एवढ्या गडबडीतही, सवय म्हणून, पाठमोराच! टॉवेलच्या टेबलापासून चाळीस पावलं मागे मागे, खुंट्यांच्या फटीतून बाहेर, शेडला वळसा, आणि बरोबर बेडशी येऊन त्यानं टॉवेल सोडला. मॅडम झाकली गेली. पण पोरांच्या बापाचा फोन लागून गेला होता.

पोलिसांनी तिला टॉवेलातच नेलं. पासपोर्ट ठेवून घेतला, प्रकरण कोर्टात जाणार असं कळलं. ती तिथं एकच सांगत होती, की जागा मला किनाऱ्यावरच्या माणसानं दिली, त्याला विचारा, चांगला माणूस आहे, तो सांगेल.

हॉटेलचा सिक्युरिटी मॅनेजर अर्सलान यानं दुसऱ्या दिवशी विलीपुढं कागद ठेवला. पाहुणीनं मनाई असताना स्वतः बेड बाहेर नेला, असं त्यावर लिहिलेलं. अर्सलान वाईट माणूस नव्हता, त्याच्या घरी चार बहिणी होत्या आणि त्याचीही नोकरीच होती. "विलीभाई, आप का नाम आया तो होटल का आया. होटल का आया तो आप गये," तो म्हणाला. "साइन करो, यल्ला, चलो, चाय पीते हैं."

"कल करता हूँ," असं म्हणून विली घरी आला.

घर म्हणजे एक खोली आणि हॉल. हॉलमध्ये व्हिवियनचं टेबल, टेबलावर पुस्तकांची चळत. एकुलती एक पोर, बारावीला, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. तिचा आणि विल्माचा व्हिसा विलीच्या नोकरीवर. नोकरी गेली की मुदत संपायच्या आत गाशा गुंडाळायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं कोण ठेवून घेणार होतं त्याला? म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. विल्मानं सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळत राहिली. मग गोळा परातीत आपटून म्हणाली, "तिला मेलीला काय, ती विमानात बसून जाईल. आपण कुठं जायचं?" आणि मग लगेच, "बिचारी. वयानं केवढी आहे हो ती?"

व्हिवियनला मात्र सगळं सोपं वाटत होतं. इथंच वाढलेलं पोर ते. "डॅडी, जस्ट टेल द ट्रुथ. यू वेअर हेल्पिंग हर. व्हॉट्स द बिग डील?"

"हो गं," विली म्हणाला. "तू अभ्यास कर."

सकाळी त्यानं सही केली. पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवावी लागली एवढंच.

पण सहीनं भागलं नाही. दोन दिवसांनी त्याला चौकीत बोलावलं. समोर तरुण अधिकारी होता, हिंदी त्याला विलीपेक्षा बरी येत होती. आधी त्यानं दुधाचा चहा मागवला, विलीला बसायला सांगितलं, मग विचारलं, "आपने क्या देखा?"

"कुछ नहीं देखा, साब. मैं उल्टा चलता हूँ."

अधिकाऱ्यानं भुवया उंचावल्या. तक्रार करणाऱ्यानं हेच लिहिलं होतं, की एक म्हातारा उलटा चालत आला आणि थेट बेडपाशी थांबला. अधिकाऱ्याला ते पटलं नव्हतं. खोलीच्या टोकाला असलेली खुर्ची दाखवून तो म्हणाला, "चलिए, दिखाइए."

आणि काय सांगायचं, त्या चौकीत, हातात टॉवेल नाही म्हणून आपलंच जॅकेट पाठीमागे धरून, विली उलटा चालायला लागला. दाराशी उभा असलेला शिपाई तोंडावर हात धरून हसत होता. सात-आठ पावलांवर विली पाण्याच्या मशीनवर धडकला. पेले खाली सांडले. तो गुडघे धरून वाकला आणि ते गोळा करायला लागला. त्या क्षणी त्याला इतका शीण आला, की तिथंच फरशीवर आडवं व्हावंसं वाटलं.

"रहने दीजिए," अधिकारी म्हणाला. त्यानं स्वतः दोन पेले उचलले. मग शांतपणे म्हणाला, "यहाँ आठ कदम में टकरा गये. वहाँ चालीस कदम, बीच में रस्सी, फिर शेड, और आप सीधे बेड तक पहुँचे. बिना देखे. आपको कैसे मालूम था बेड कहाँ है?"

अठरा वर्षं जी पाठ विलीला सांभाळत आली, तिनंच आज घात केला होता. इथं 'मीच ठेवला, साहेब' एवढे तीन शब्द सांगितले की झालं. म्हातारी सुटली असती, निदान तिची चूक अर्धी झाली असती. जिभेवर आले होते हो ते शब्द! आणि मग त्याला हॉलमधलं टेबल दिसलं, पुस्तकांची चळत दिसली.

"अठारा साल हो गये, साब," तो म्हणाला. "पैर को मालूम रहता है."

अधिकाऱ्यानं समोरचा कागद पुढे ओढला. "मॅडम बोलती है, बेड आपने रखा."

आता इथं विली गप्प बसला असता तरी चाललं असतं. अर्सलाननं एवढंच सांगितलं होतं, की जास्त बोलू नका. पण घाबरलेला माणूस थांबत नाही. विली म्हणाला, "उमर है ना, साब. भूल गयी होंगी."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. पेनाचं टोपण लावून म्हणाला, "ठीक है. जाइए." जाताना त्यानं विलीचं विसरलेलं जॅकेट हातात आणून दिलं, आणि विलीला वाटलं, यानं त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोर्टानं म्हातारीला दंड केला आणि देश सोडायला सांगितलं. पुन्हा या देशात यायचं नाही. हे अर्सलाननं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं आणि विलीच्या डब्यातला बांगडा अर्धा उचलला. विली त्या रविवारी विल्मा आणि व्हिवियनबरोबर दुबईत ऊद मेथ्याच्या चर्चमध्ये मिस्साला गेला, पण कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, रांगेत उभा राहिला नाही; कबूल न केलेलं पाप असताना तो घ्यायचा नसतो. गुडघा दुखतोय म्हणाला. विल्मानं त्याच्याकडे बघितलं आणि व्हिवियनला घेऊन पुढे गेली.

म्हातारी बॅगा न्यायला आली तेव्हा लॉबीत माणसं कमी होती, म्हणून बॅगा उचलायला विलीलाच हाक गेली. तिनं कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कॉलरच्या वर मानेवर एक नवा लाल चट्टा दिसत होता. विली बॅगा घेऊन पुढे निघाला, तशी तिनं त्याची बाही धरली. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "बेड तू आणलास. मी हिरवा टॉवेल मागितला, तू म्हणालास हिरवे संपले. आठवतंय ना?"

तिला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. चौकीत त्यांनी तिला सांगितलं होतं, की तुमचा विसराळूपणा आहे. आणि या वयात बाईमाणसाला रात्रंदिवस तीच एक भीती असते. तिला एवढंच पाहिजे होतं, की आपलं डोकं ठिकाणावर आहे.

लॉबीत हॉटेलचा मोठा मॅनेजर उभा होता. काउंटरवर दोन पोरी होत्या. विलीनं खाली फरशीकडे बघितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "टॅक्सी इज रेडी."

तिनं बाही सोडली. टॅक्सीत बसताना ती दोनदा आपली पर्स उघडून बघत होती, पासपोर्ट आत आहे की नाही म्हणून. आहे हे बघून मिटायची आणि पुन्हा उघडायची.

विली घरी आला. बूट दाराबाहेर झटकले, वाळू पडली. व्हिवियन टेबलाशी होती, तिनं पुस्तकातून मान वर न काढताच विचारलं, "डॅडी, दॅट लेडीज केस? डिड यू टेल देम?"

"सांगितलं."

"सी? आय टोल्ड यू." ती खूश झाली, खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघायला लागली. "ट्रुथ सांगितलं की काही होत नाही. यू वेअर सो स्केअर्ड!"

तिनं एवढं वाक्य मराठीत जोडलं, ते खास त्याच्यासाठी. एरवी त्याला कोण आनंद झाला असता! पण विली वळला, तिच्याकडे पाठ केली आणि तसाच, दाराकडे तोंड करून, बराच वेळ उभा राहिला.