साठ धरून का सोडून

"धरून का सोडून?" कुठलाही आकडा कानावर पडला की आप्पा तर्जनी उभी करून हेच विचारायचे. सोमवारपर्यंत रजा दिली, तर "सोमवार धरून का सोडून?" असली चिवट माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, आणि त्यांचंच बरोबर असतं.

कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यात ते माझ्या पाळीत कंत्राटी ऑपरेटर होते. त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं.

इंग्रजी सूचना कुणी वाचेना, म्हणून मी रिॲक्टरशेजारच्या बोर्डावर मार्करने संख्यारेषा काढली. तापमान साठपेक्षा कमी हवं, म्हणून साठावर पोकळ गोल आणि तिथून डावीकडे बाण. पोकळ गोल म्हणजे साठ सोडून, भरलेला म्हणजे साठ धरून. आप्पांनी हे एका दमात समजून घेतलं आणि सगळ्या पाळीला शिकवलं.

पुढे गोल पुसट झाला. मी तो घाईत गिरवला आणि गिरवता गिरवता भरून टाकला.

"साहेब, आता साठ धरून व्हय?"

"ठिपका भरलेला दिसतोय ना? मग धरून!" मोबाइलमधून मान वर न काढता मी खेकसलो.

त्याच आठवड्यात काटा बरोबर साठावर येऊन थांबला. साठ धरून चालतं म्हणून आप्पांनी रिॲक्टर निववायला थंड पाणी सोडलं नाही. सगळी बॅच काळी पडली.

चौकशीला वरिष्ठ यायच्या आधी मी रुमालाच्या टोकाने त्या गोलाचं पोट पुसून घेतलं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

आप्पा बोर्डासमोर उभे राहिले. त्यांनी दोनदा डोळे चोळले. "ह्या साहेबांनी नीट सांगितलं व्हतं. माझीच नजर चुकली," ते म्हणाले. मी मान डोलावली. यादीतलं नाव गेलं, कामही गेलं.

आप्पा आता नाहीत. शेवटचे भेटले ते दौंड स्टेशनवर. बाकावर सरकून त्यांनी मला जागा दिली.

"डोळं तपासलं, साहेब. डाक्टर म्हनला, नजर चांगली हाय. मग तवा मला ठिपका भरलेला कसा दिसला?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

"व्हय का? बरं झालं इचारलं. लई दिस मनात व्हतं," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.