रविवारी न उतरणारं पाणी
कुंड्यांसाठी आणलेल्या मातीची पिशवी फोडली की कुजकट, आंबूस वास येतो आणि जर्मनीत येना शहरात पीएचडी करत असतानाची ती दलदल आठवते. दहा-बारा वर्षं झाली. गमबूट घालून, चिखल तुडवत मी दर महिन्याला तिथे जमिनीत पुरलेल्या नळ्यांमधल्या सेन्सरनी टिपलेले पाण्याच्या रोजच्या पातळीचे आकडे गोळा करायचे. एका उन्हाळ्यात आलेखात विचित्र गोष्ट दिसली. पाणी सोमवार ते शनिवार उतरायचं, रविवारी मात्र जागचं हलायचं नाही. ऊन काही रविवार पाळत नाही, माणसं पाळतात. जवळपास कुणीतरी पंप लावून पाणी उपसतंय, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं. प्रोफेसर म्हणाले, "तुमच्याकडे होत असेल असं. इथे परवानगी लागते. आल्झो, तर मग आधी सेन्सर तपासा." सगळे हसले, मीही हसले. सेन्सर तीनदा तपासले, ठीक होते. पंधरा दिवसांनी शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याने माझाच आलेख पडद्यावर लावून तेच सांगितलं, तेव्हा प्रोफेसर टेबलावर थाप मारून म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर!" चौकशी झाली, पलीकडच्या खडीच्या खाणीत पंप सापडला. पेपरवर पहिलं नाव त्याचं आलं आणि आकडे गोळा करायला मदत केली म्हणून शेवटी माझे आभार मानले गेले. कॅन्टीनमध्ये त्याने विचारलं, "तुला राग नाही ना आला?" मी म्हणाले, "छे रे, उलट बरंच झालं." त्या दोघांवरचा राग केव्हाच निवला. 'बरंच झालं' म्हणणारी मी मात्र मला अजून सहन होत नाही.