पडद्यावरच्या घराचा फोटो

ब्याण्णवच्या आसपास परभणीतल्या माझ्या घरांचे नकाशे काढायच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, पण त्यावरचा नकाशा कागदावर छापायचं यंत्र काही आलं नाही. गंगाखेडच्या एका घरमालकांना त्यांचं व्हायचं घर दाखवायचं होतं, म्हणून मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं खिडक्या लावल्या, पडद्याची काच रुमालानं पुसली, मॉनिटरची हनुवटी जरा वर केली आणि सवयीनं म्हणाला, "आता हलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन आला. काळ्यावर पांढऱ्या रेघा अगदी स्वच्छ उठल्या होत्या, पण घराला एकही कॉलम, म्हणजे खांब, नव्हता.

"पांढरे ठिपके लय आलते सायब," तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "धूळ असती ती. बारीक ब्रशनं एकूण एक बुजवले."

मी कपाळाला हात लावला. लाल रंग घेतला आणि त्याच्यासमोरच एकेका कॉलमचा ठिपका फोटोवर परत काढला. नवरीच्या तोंडावर देवी उठायल्यात, अशा नजरेनं तो बघत होता.

"हे नसले तर स्लॅब खाली येईल," मी म्हणालो.

"ते तुमचं तुमी बघा," म्हणत त्यानं फोटो उलटा केला आणि मागचा स्वतःच्या स्टुडिओचा शिक्का माझ्याच लाल रंगानं खोडून टाकला.